उनियाऱ्याचा नवस

सरकारी नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत येऊन पडलेल्या मराठी माणसाला इतिहासाची दोन स्थळे कोणी न सांगता ठाऊक असतात. एक लाल किल्ला आणि दुसरे पानिपत. गावाकडून पाहुणे आले की पहिल्या दिवशी किल्ला आणि सुटी जुळून आली तर पानिपत, असा आमचा क्रम वर्षानुवर्षे ठरून गेला आहे. काला आंबच्या स्तंभापाशी पाहुणे गहिवरतात, त्यांच्याबरोबर आम्हीही गहिवरतो आणि दिवेलागणीला परततो. १७६१च्या जानेवारीनंतरही मराठ्यांचा दिल्लीशी काही संबंध उरला होता, आणि तो पराभवाचा नव्हे तर कारभाराचा होता, ही गोष्ट त्या गहिवरात सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

आमच्याही ती आली नव्हती. काश्मिरी दरवाजावरून आम्ही शेकडो वेळा गेलो असू. तेथे मेट्रोच्या गाड्या बदलल्या, आंतरराज्य बसस्थानकावर पाहुण्यांची सामाने उचलली. परंतु रस्त्याच्या कडेला झाडांआड उभे असलेले सेंट जेम्सचे पिवळसर ख्रिस्तमंदिर कधी आत शिरून पाहिले नव्हते. इंग्रजांची एक इमारत, इतकीच तिची आमच्या लेखी किंमत होती. ती बांधणारा गृहस्थ पूर्ववयात शिंद्यांच्या लष्करात चाकरीस होता आणि ज्या नवसापोटी ती उभी राहिली असे सांगतात, तो नवसही त्याच चाकरीत पडलेल्या जखमेतून उपजला, हे एकदा वाचनात आले आणि मन अस्वस्थ झाले. पुढच्याच सुटीच्या दिवशी कार्यालयातील दोन मराठी स्नेह्यांना बरोबर घेऊन आम्ही तेथे गेलो.

मंदिराचा पुरस्कर्ता जेम्स स्किनर. त्याचा जन्म १७७८ साली झाला. बाप हर्क्युलस स्किनर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील स्कॉटिश अधिकारी आणि आई रजपूत जमीनदाराच्या घरातील. बनारसच्या चेतसिंहाशी कंपनीचे जे युद्ध झाले, त्याच्या धामधुमीत ती इंग्रजांच्या हाती सापडली आणि पुढे हर्क्युलसच्या घरी राहिली, असे स्किनरनेच आपल्या आठवणींत सांगितले आहे. १७९० साली बापाने मुलींना शाळेत घालण्याचा हट्ट धरला. मुली पडद्याबाहेर गेल्या म्हणजे रजपूत कुळाची अब्रू गेली, असे त्या माऊलीला वाटले आणि तिने स्वतःचा जीव दिला. जेम्स त्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता. कुळाचा नियम माणसाच्या प्राणाहून मोठा असतो, हा धडा त्याला स्वतःच्या घरात, आईच्या मृत्यूने मिळाला. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरा धडा त्याला कंपनी सरकारने दिला. ज्याच्या आईबापांपैकी एक जण हिंदुस्थानी आहे, त्याला कंपनीच्या मुलकी अगर लष्करी सेवेत अधिकारी म्हणून घ्यावयाचे नाही, असा ठराव १७९१ साली झाला. बापाचा पेशा मुलाला बंद झाला. तेव्हा जेम्सला कलकत्त्यातील एका छापखान्यात उमेदवारीला ठेवण्यात आले. तिसऱ्याच रात्री तो तेथून पळाला. खिशात चार आणे होते. ते संपल्यावर त्याने बाजारात हमाली करून पोट भरले. अखेरीस एका परिचित कर्नलचे पत्र घेऊन तो उत्तरेकडे निघाला आणि १७९६च्या सुमारास शिंद्यांच्या कवायती पलटणीत निशाणबरदाराच्या हुद्द्यावर दाखल झाला. पगार महिना १५० रुपये.

ज्या मुलाला कंपनीने जन्मावरून नाकारले, त्याला शिंद्यांच्या लष्कराने थारा दिला. त्या लष्कराला माणसाच्या जन्माची फारशी पृच्छा करण्याचे कारण नव्हते. पानिपतातून पायाला जखम घेऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांनी दहा वर्षांच्या आत उत्तरेत पुन्हा जम बसविला. मराठ्यांच्या आधाराने बादशहा शाहआलम १७७२ च्या आरंभी दिल्लीत परतला. १७८४ मध्ये पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीचे पद मिळाले आणि त्याचा प्रत्यक्ष कारभार महादजींच्या हाती आला. १७८८ साली गुलाम कादिराने लाल किल्ल्यात शिरून बादशहाचे डोळे काढले. त्या आंधळ्या बादशहाची सुटका करून त्याला पुन्हा तख्तावर बसविले तेही शिंद्यांच्याच फौजेने. तेव्हापासून १८०३ पर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, दिल्लीच्या किल्ल्याचे रक्षण शिंद्यांच्या नावाने होत होते. आज किल्ला पाहणाऱ्याला ही पंधरा वर्षे कोठे दिसत नाहीत.

या फौजेचा कणा म्हणजे द ब्वान्य या सॅव्हॉयच्या सेनानीने उभारलेल्या कवायती पलटणी. १७९० साली पाटण आणि मेडता येथे त्यांनी रजपूत सैन्यावर विजय मिळविले. त्यांत फ्रेंच, इंग्रज, स्कॉटिश, आर्मेनियन आणि स्किनरसारखे मिश्र वंशाचे अधिकारी होते; शिपाई बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातील रजपूत, ब्राह्मण आणि मुसलमान. १७९४च्या फेब्रुवारीत महादजी पुण्याजवळ वानवडीस वारले, दौलतराव गादीवर आले; पुढे द ब्वान्यही निवृत्त झाला आणि पेराँ नावाचा फ्रेंच सरदार सेनापती झाला. स्किनर चाकरीस लागला तो या पालटाच्या काळात. पुण्यात आपण पाहतो ती वानवडीची छत्री आणि दिल्लीतील हे ख्रिस्तमंदिर यांच्यामधील धागा तो हा असा.

आता उनियाऱ्याकडे वळू. उनियारा हे टोंकजवळचे रजपूत संस्थान. १८०० साली करौलीच्या राजाच्या मदतीस शिंद्यांच्या फौजेतील स्किनरची पलटण दिली गेली आणि उनियाऱ्याच्या राजाशी तिची गाठ पडली. करौलीकरांच्या स्वतःच्या फौजेने ऐन वेळी दगा दिला. पलटणीने चौकोन बांधून माघार घेतली, परंतु तिची कत्तल उडाली आणि स्किनर जांघेत गोळी लागून पडला. दुपारी पडला तो दुसऱ्या दिवशी सूर्योदयास शुद्धीवर आला. अंगावर विजारीखेरीज चिंधी उरली नव्हती. सरपटत तो एका झुडपाखाली गेला. जवळच त्याच्याच पलटणीतील एक सुभेदार होता, त्याचा पाय गुडघ्याखाली तुटला होता. आणि एक जमादार, त्याच्या शरीरातून भाला आरपार गेला होता. तिघेही दिवसभर तहानेने तळमळत पडले. रात्र झाली, चंद्र स्वच्छ होता, मध्यरात्री थंडी पडली. चोहोंकडून जखमींचे पाण्यासाठी आक्रंदन चालले होते, कोल्हे प्रेते फाडीत होते आणि जिवंतांकडे एकेक पाऊल सरकत होते. दगड फेकून आणि ओरडून त्यांना दूर ठेवावे लागले. यातून वाचलो तर पुन्हा शिपाईगिरी करणार नाही, अशी शपथ त्या रात्री घेतल्याचे स्किनर लिहितो. वाचलो तर देवाचे मंदिर बांधीन, असा नवसही त्याच रणभूमीवर बोलला गेला, असे परंपरा सांगते. पहिली शपथ त्याने मोडली, आयुष्यभर तलवार खाली ठेवली नाही. नवस मात्र छत्तीस वर्षांनी का होईना, फेडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पुरुष आणि एक वृद्ध स्त्री रणभूमीवर आली. तिच्याजवळ टोपली होती आणि पाण्याचे मडके. प्रत्येक जखमी माणसाला ती ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि घोटभर पाणी देत चालली होती. कोणत्या बाजूचा, कोणत्या धर्माचा, हे ती विचारीत नव्हती. स्किनरने भाकर खाल्ली, पाणी प्याला, देवाचे आणि तिचे आभार मानले. शेजारच्या सुभेदाराने मात्र तोंड फिरविले. तो उच्च कुळातील रजपूत होता आणि ती स्त्री चर्मकार. स्किनरने त्याची विनवणी केली. सुभेदाराचे उत्तर असे की आयुष्याचे चार घटका उरले असताना थोडे अधिक सोसले काय आणि कमी सोसले काय. तेवढ्यासाठी धर्म का बुडवावा? तो तसाच तहानलेला राहिला. त्याच दिवशी उनियाऱ्याच्या राजाची माणसे आली, त्यांनी मृतांची व्यवस्था लावली आणि जखमींना उचलून नेले. राजाने स्किनरला चांगले वागविले आणि पुढे सोडून दिले. सुटका झाल्यावर स्किनरने त्या वृद्धेकडे एक हजार रुपये पाठविले आणि सोबत निरोप दिला की मी तुम्हांला आईच्या ठिकाणी मानतो.

आम्ही पगाराच्या आकड्यांत वावरणारी माणसे, म्हणून हिशेब केला. महिना दीडशेने चाकरीस लागलेल्या माणसाचे ते हजार रुपये म्हणजे त्या पगाराचे सहा महिन्यांहून अधिक झाले. रक्कम लहान नव्हे. तथापि आमचे मन त्या निरोपातील एका शब्दावर अडून राहिले. ज्याची जन्मदात्री आई कुळाच्या नियमापायी प्राणास मुकली होती आणि ज्याच्या डोळ्यांदेखत त्याच नियमापायी एक शूर शिपाई पाणी नाकारीत होता, त्याने नियमाबाहेरच्या एका स्त्रीला आई म्हटले. हा शब्द त्याने सहज उच्चारला असेल असे आम्हांला वाटत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८०३ साली शिंदे आणि कंपनी यांच्यात युद्ध जुंपले. पेराँने इंग्रज रक्ताच्या अधिकाऱ्यांवर अविश्वास दाखवून त्यांना काढून टाकले. स्किनरची राहण्याची इच्छा होती. त्याचे म्हणणे कोणी ऐकले नाही. ऑगस्टच्या अखेरीस अलीगढपाशी पेराँचे घोडदळ उधळले, ४ सप्टेंबरला तो किल्ला पडला आणि ११ सप्टेंबरला यमुनेपलीकडे पटपडगंज येथे शिंद्यांच्या पलटणींचा पराभव होऊन दिल्ली जनरल लेकच्या हाती गेली. शिंद्यांच्या घोडदळाचे जे स्वार इंग्रजांकडे आले, त्यांना तुमचा सरदार कोण असावा असे विचारता त्यांनी सिकंदरसाहेबाचे नाव घेतले. स्किनरचे हिंदुस्थानी रूप ते हेच. त्याने ती सरदारी पत्करली, पण एका अटीवर: आपल्या जुन्या धन्यावर, म्हणजे शिंद्यांवर, आपणास चालून जावयास लावू नये. ज्या कंपनीने त्याला जन्मावरून नाकारले होते तिच्याशी तो ही अट बोलत होता, आणि ज्या धन्याच्या सेनापतीने त्याला हाकलले होते त्या धन्यासाठी बोलत होता. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात ते याहून वेगळे नसावे. पिवळ्या अंगरख्यांचे त्याचे ते घोडदळ आजही स्किनर्स हॉर्स या नावाने भारतीय सैन्यात आहे. घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली आहे एवढेच.

नवसाच्या वास्तूचे काम १८२६ साली सुरू झाले. आराखडा मेजर रॉबर्ट स्मिथ या अभियंत्याचा. खर्चाचा आकडा ९०,००० रुपयांच्या घरात सांगितला जातो आणि तो सर्व स्किनरने स्वतःच्या पदरचा केला. २१ नोव्हेंबर १८३६ रोजी कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांच्या हस्ते मंदिराचा विधिपूर्वक प्रतिष्ठापन समारंभ झाला. इमारत चारी भुजा सारख्या असलेल्या क्रुसाच्या आकाराची आहे, मध्यभागी अष्टकोनी बैठकीवर घुमट, आणि तीन बाजूंना खांबांचे देवडीवजा मंडप. बाहेरच्या गोंगाटातून आत पाऊल टाकताच गारवा आणि शांतता एकदम अंगावर येते. घुमटाखाली उभे राहिले असता रंगीत काचांतून उतरणारा प्रकाश फरशीवर पडलेला दिसतो. देवळाच्या गाभाऱ्यापुढे सभामंडपात उभे राहिल्यावर जी स्तब्धता मनात येते, तीच येथेही आली, हे मान्य केले पाहिजे.

स्किनर पर्शियनमध्ये लिहिणारा, हिंदुस्थानी थाटात राहणारा माणूस होता. त्याच्या आठवणी मूळ पर्शियनमध्ये असून त्यांचे इंग्रजी पुस्तक जेम्स बेली फ्रेझर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केले. मंदिराचे काम सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १८२५ साली, त्याने ‘तश्रीह-उल्-अक्वाम’ नावाचा सचित्र पर्शियन ग्रंथ पुरा केला होता. हिंदुस्थानातील जाती, पंथ आणि त्यांचे व्यवसाय यांचे ते वर्णन आहे. एका चर्मकार स्त्रीच्या हातचे पाणी पिऊन जगलेल्या माणसाने जातींचा ग्रंथ करावा, हा योगायोग आम्हांला विचारात पाडणारा वाटला.

वेदीपुढे स्किनरची समाधी आहे. ४ डिसेंबर १८४१ रोजी तो हांसीस वारला व तेथेच त्याला पुरण्यात आले. परंतु चाळीस दिवसांनंतर त्याचे शव दिल्लीस आणून १९ जानेवारी १८४२ रोजी येथे ठेवण्यात आले. बाहेर आवारात त्याचा जिवलग मित्र विल्यम फ्रेझर आहे. दिल्लीचा हा इंग्रज अधिकारी २२ मार्च १८३५ रोजी रात्री घरी परतताना मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडला आणि त्या खुनाच्या आरोपावरून फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन फासावर गेला. मित्राची संगमरवरी कबर स्किनरने हौसेने बांधली होती; १८५७च्या उठावात ती फुटली. त्याच धामधुमीत शिखरावरील गोळा व क्रूस यांनाही गोळ्या लागल्या. फ्रेझरचे टेकडीवरचे घर त्याच्या मागे हिंदूराव घाटगे यांनी विकत घेतले. हिंदूराव म्हणजे बायजाबाई शिंद्यांचे बंधू, कागलकर घाटग्यांपैकी. आज दिल्लीकर ज्याला हिंदूराव रुग्णालय म्हणतात, ते नाव या आपल्या माणसाचे. औषधाच्या रांगेत उभे राहून ते नाव आम्ही कितीदा वाचले आणि कोण हा हिंदूराव, असे एकदाही मनात आले नाही!

भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत. अधिकारी, त्यांच्या बायका, तान्ही मुले, १८५७ मध्ये मारली गेलेली कुटुंबे, सर्वांची नावे कोरलेली आहेत. आवारात सर थॉमस मेटकाफची कबर आहे, स्किनर घराण्याचे स्वतंत्र स्मशान आहे. आम्ही प्रत्येक पाटी वाचीत फिरलो. आपण कोणाचे नाव शोधीत आहो, हे बऱ्याच वेळाने लक्षात आले. उनियाऱ्याच्या त्या वृद्धेचे नाव स्किनरच्या आठवणींत नाही, मग दगडावर कोठून असणार? तिला हजार रुपये पोचले, आईपणाचा मान पोचला. नाव मात्र आपल्यापर्यंत पोचले नाही. नव्वद हजारांच्या वास्तूखाली पायाचा दगड म्हणून भाकरीचा एक तुकडा आणि पाण्याचे एक मडके आहे.

दिवस उन्हाळ्याचा होता. बाहेर आलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. आवारात झाडांना पाणी घालणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाने आमच्याकडे पाहिले आणि न मागता झाडाखालच्या माठातून तांब्या भरून पुढे केला. आम्ही हात पुढे केला आणि त्याच क्षणी आमच्या तोंडून प्रश्न गेला, “बाबा, आपका पूरा नाम क्या है?” गोष्टीच्या ओघात विचारले, आपुलकीने विचारले, अशी समजूत त्या क्षणी आम्ही करून घेतली. परंतु ‘पूरा’ हा शब्द का आला, हे आमचे आम्हांला ठाऊक आहे. परप्रांतात दोन मराठी माणसे भेटली की आम्ही प्रथम गाव विचारतो, मग आडनाव विचारतो. आणि आडनाव कळले की मगच पुढचे बोलणे किती मोकळे करावे ते ठरते. कार्यालयात डबा उघडताना, नव्याने बदलून आलेल्यास घरी जेवावयास बोलावताना, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही, आणि तो विचारल्यावाचून राहतही नाही. म्हाताऱ्याने आपले पहिले नाव तेवढे सांगितले, हसून तांब्या आणखी थोडा पुढे केला आणि म्हणाला, “पानी पी लीजिए, बाबूजी.”

आम्ही प्यालो. बरोबरचे दोघेही प्याले. प्रश्नाबद्दल कोणीच काही बोलले नाही. परतीच्या मेट्रोतही नाही. उनियाऱ्याच्या सुभेदाराला आम्ही सकाळपासून मनातल्या मनात दोष देत आलो होतो. त्याने निदान आपल्या समजुतीची किंमत स्वतःच्या तहानेने मोजली होती.

लाल किल्ला आणि पानिपत यांच्या जोडीला आता आम्ही पाहुण्यांना हे तिसरे स्थळही दाखवू लागलो आहो. शिंद्यांची गोष्ट सांगतो, सिकंदरसाहेबाच्या इमानाची सांगतो. ऐकणाऱ्यांच्या मुद्रेवर अभिमान दिसतो आणि तो रास्तही आहे. मग घुमटाखाली उभे राहून त्या म्हातारीची गोष्ट सांगतो. ती ऐकल्यावर पाहुणे बहुधा विचारतात, “तिचे नाव काय हो?” नाव ठाऊक नाही, असे आम्ही सांगतो, आणि तिनेही कोणाचे विचारले नव्हते, एवढे पुढे जोडतो.